दुसरी पंगत

आमच्या खात्याच्या माणसाला कोणी चहा विचारला तर त्याने नको म्हणायचं, हे मला नोकरीला लागल्या लागल्या शिकवलं गेलं. बदलीवर पुण्यात आलो तेव्हा या शिकवणीचा काही उपयोग झाला नाही, कारण मला चहा कोणी विचारलाच नाही.

पासष्टचं युद्ध नुकतंच संपलं होतं. खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआउटसाठी चिकटवलेला कागद अजून तसाच होता. लष्कराला माल पुरवणाऱ्या ठेकेदारांचे हिशेब तपासणं हे आमचं काम. आम्ही कारखान्यात शिरलो की लोक खुर्ची पुसून देत आणि आपापसातलं बोलणं थांबवत. दिवसभर हे असं, आणि संध्याकाळी नारायण पेठेतली एक खोली. घरमालक महिन्यातून एकदा, भाड्यापुरतं बोलत. इतका एकटेपणा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

सुटका होती ती फक्त खाणावळीत. काकू दोन पंगती वाढत. भिंतीवर पाटी होती : ‘वाढलेले संपवावे. न आवडल्यास मागू नये.’ दुसऱ्या पंगतीला माझ्या शेजारच्या पाटावर एक जण बसायचा. कोकणातला, तिकडे आई, इकडे कोणी नाही. माझ्या ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ला न हसणारा पुण्यातला तो एकटाच माणूस. मला नागपूरकर म्हणायचा. कारल्याची भाजी असली की काकूंची पाठ वळताच माझ्या ताटातलं कारलं आपल्या ताटात ओढायचा आणि म्हणायचा, “नागपूरकर, तुमच्यामुळे माझं रक्त शुद्ध होतंय.” मी सरकारी नोकरीत, तो खाजगी, याच्यापुढे आम्ही कधी चौकशी केली नाही. अहो-जाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. पण दिवसभरात कोणाशी बोलायचं म्हणून मी काही राखून ठेवत असे, ते त्याच्यासाठी.

मग मला खडकीला पाठवलं. दारूगोळ्याची देवदारी खोकी बनवणारा एक ठेकेदार होता. युद्धाच्या घाईत त्याच्याशी करार झाला होता तो असा, की होईल तो खर्च सरकारने द्यायचा आणि वर त्या खर्चाच्या हिशेबाने नफा. म्हणजे खर्च जितका फुगेल तितकं मालकाचं भलं. त्याने तो फुगवला अशी तक्रार होती.

“हे आमचे हिशेबनीस,” मालक म्हणाले. “काय लागेल ते यांना विचारा.”

दारात तो उभा होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याही झाल्या असणार.

“नमस्कार साहेब,” तो म्हणाला.

ओळखीचा माणूस निघाला तर वरिष्ठांना कळवावं असा नियम होता. पण कळवणार काय? की हा माझं कारलं खातो? मी आपल्या मनानेच तोडगा काढला. त्याच संध्याकाळी काकूंना म्हटलं, उद्यापासून मला पहिल्या पंगतीला वाढा, लवकर झोपायचं असतं.

“झोपा की,” काकू म्हणाल्या. “पंगत काही तुमच्यासाठी जागत नाही.”

पहिल्या पंगतीला कॉलेजची मुलं असायची. त्यांच्यात मी मुकाट्याने जेवत असे आणि पुढच्या जिन्यावर गाठ पडू नये म्हणून स्वयंपाकघराजवळच्या मागच्या जिन्याने उतरत असे. दुसऱ्या पंगतीची पावलं वर चढताना ऐकू यायची. आता तो बसला असेल, आता कोणा दुसऱ्याचं कारलं ओढत असेल, असं मनात येई आणि मला चक्क हेवा वाटे. तरी एक आधार होता. तो वर आहे, काम संपलं की मी परत जाईन.

त्या मागच्या जिन्याशीच जळण रचलेलं असायचं. एकदा नजर पडली : देवदाराचे तुकडे, आणि काहींवर लष्करी तपासणीचा अर्धवट निळा शिक्का. कारखान्याच्या हिशेबात कापणीत उरलेलं सगळं लाकूड वाया गेलेलं होतं, आणि त्याचे पूर्ण पैसे सरकारने मोजले होते.

“काकू, हे जळण कुठलं?”

“तुमच्या मित्रानेच मागे वखार दाखवली. फार स्वस्त पडतं.”

म्हणजे एवढे दिवस आमचा दोघांचा वरणभात याच लाकडावर शिजत होता. विचारलं तर त्याची नोकरी जाणार, न विचारलं तर माझी अब्रू. मला त्या काकूंचा, त्या जळणाचा, सगळ्याचा राग आला. आणि दुसऱ्या दिवशी मी विचारलं. मालकांच्या देखत.

“कापून उरलेल्या तुकड्यांचं काय होतं?”

“अहो, भुसा होतो त्याचा!” मालक हसले. “त्यात राहतंय काय?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसानंतर प्रथमच, नीट, खाणावळीतल्यासारखं.

“स्टेशनामागच्या वखारीत विकतात, साहेब,” तो म्हणाला. “पैसे रोख येतात. इथे जमा होत नाहीत.”

त्यानंतर तो कारखान्यात दिसला नाही. रजेवर आहेत, असं मालक दात आवळून सांगत. पैसे वसूल झाले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. अहवाल वर जाईपर्यंत त्याला भेटायचं नाही असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या पंगतीला आहेच, जातोय कुठे, असं स्वतःला समजावत होतो.

काम संपलं त्या संध्याकाळी मी धुतलेला सदरा घातला. पुढच्या जिन्याने वर गेलो, माझ्या जुन्या पाटावर बसलो आणि शेजारच्या पाटावर कोणी बसू नये म्हणून हात ठेवला.

“कोणासाठी धरलाय?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं.

काकू वाढायच्या थांबल्या. “तुमचं ते काम संपलं का?”

“संपलं.”

“मग सांगायला हरकत नाही. तुम्ही पंगत बदललीत ना, त्याच दिवशी दुपारी येऊन ते खाणावळ सोडून गेले. म्हणाले, मी इथे दिसलो तर त्यांच्या नोकरीला बट्टा लागेल. काम संपेपर्यंत त्यांना सांगू नका. परवा गेले कोकणात, आईकडे. नोकरीही सुटली म्हणे.”

वर येणारी ती पावलं मी इतके दिवस ऐकत होतो. त्यांत त्याची नव्हतीच. मला रडू आलं, आणि समोर माणसं जेवत होती म्हणून मी ताटात बघत राहिलो.

काकूंनी भाजी वाढली. कारलं होतं. मी ते सगळं खाल्लं.