तामड्यातली चांदणी

गल्लीच्या टोकाला खडे घासायचा एक छोटा कारखाना आहे. तिथे खिडकीजवळ घासायच्या चकतीपाशी जे बसतात त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात, कारण भिंग कपाळावर सरकवून ते तसेच घरी निघतात. उभा जन्म त्यांनी तामडे घासण्यात काढला. तामडा म्हणजे गार्नेट, डाळिंबाच्या दाण्यासारखा खडा.

काकू, म्हणजे त्यांची बायको, लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या गेल्याच. आधी बाळ रांगायला लागलं की येते म्हणाल्या, मग चालायला लागलं की. आता नात शाळेत जाते. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. रुसवा असता तर काढता तरी आला असता.

काकू होत्या तेव्हा काका संध्याकाळी घरी आले की खड्यांत काय काय पाहिलं ते सांगत बसत. एका हिरव्या तामड्यात घोड्याच्या शेपटीसारखे सोनेरी तंतू होते. मधाच्या रंगाच्या एकात अशी वळणं होती, की जणू कुणी पाक ढवळता ढवळता हात थांबवलाय. एकदा तर व्यापाऱ्याने मुंग्यांचे खडे आणले. दूरच्या कुठल्याशा वाळवंटात मुंग्या वारूळ खोदताना बारीक तामडे बाहेर आणून टाकतात आणि लोक ते वेचतात. भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या होत्या, "बघा, मुंग्यासुद्धा घर आवरतात. नाहीतर तुमचं टेबल!"

आता घरी आल्यावर काका आधी रेडिओ लावत, मग दिवा. स्वयंपाक सकाळीच उरकून दोन्ही वेळा तेच खात.

त्या हिवाळ्यात तामड्यांचा एक काळपट ढीग आला. "यात काही जीव नाही. मणी करून टाका," मालक म्हणाले. काकांनी एक खडा उन्हात धरला. आत रेशमासारखे तंतू एकमेकांना छेदत गेले होते. त्यांनी पैलू न पाडता तो घुमटासारखा गोल घासला. तंतूंची दिशा चुकली, चमक कडेला घसरली. दुसरा खडा मात्र साधला. माथ्यावर चार किरणांची चांदणी उमटली. खडा कलता केला की तीही सरकायची.

काकांनी मान वर केली. शेजारचा कारागीर जेवायला गेला होता. मालक फोनवर कुणावर तरी ओरडत होते.

घरी येऊन त्यांनी काकूंना व्हिडिओ कॉल लावला आणि खडा दिव्याखाली धरला.

"काळी गोटी दिसतेय हो नुसती," काकू म्हणाल्या. "बरं ठेवते, हिला भरवायचंय."

दुसऱ्या दिवशी काकांनी मागितला तेव्हा मालकांनी खडा आढेवेढे न घेता देऊन टाकला. काकांनी रजा टाकली आणि गाडीत बसले.

लेकीच्या घरी ट्यूबलाइटखाली चांदणी काही दिसेना. नात लांबूनच बघत राहिली आणि आजीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे आजोबा कधी जाणार?" लेकीने तिला दटावलं. काका हसले, पण जेवण त्यांना नीट गेलं नाही.

सकाळी काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. काकांनी त्यांच्या ओल्या तळव्यावर खडा ठेवला. लख्ख ऊन होतं.

"अगं बाई!" काकू कितीतरी वेळ हात हलवत चांदणीला फिरवत राहिल्या.

"चल ना घरी," काका म्हणाले.

"काय आहे तिथे?"

"मी आहे की."

"तुम्ही होतातच. रोज सांगायचात, शेपट्या काय, मुंग्या काय. मला आवडायचंही ऐकायला. पण 'तुझा दिवस कसा गेला' असं विचारलंत कधी? दिवसभर त्या दोन खोल्यांत मी भिंतींशी बोलायचे. इथे जिन्यात चार बायका हाक मारतात. मी गाणं शिकतेय त्यांच्याबरोबर, माहितेय?"

काकांना माहीत नव्हतं. बायकोला गाता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी बादलीतली चादर उचलली, तिने दुसरं टोक धरलं आणि दोघांनी ती पिळली.

खडा काकूंकडे ठेवून ते परतले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी फोन केला. "आज काय काय केलंस?"

काकूंनी उलट विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे. सांग ना."

काकूंनी आधी तुटक सांगितलं, मग त्या सुटल्याच. गाण्याच्या बाई शब्द विसरतात आणि दोष पेटीला देतात. खालची शेजारीण सुरात गाते, पण लाजून तोंडावर पदर धरते. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत. खड्यांचं काही सांगायचं होतं, ते राहून गेलं.

आता हे रोज चालतं. काकू अजून आलेल्या नाहीत. सुट्टीत येईन म्हणतात, पण जावयाच्या बदलीचं घाटतंय, तेव्हा खरं काही नाही. फोन ठेवला की काका ताट वाढून घेतात. जिन्यातल्या त्या चौघींची नावं त्यांना पाठ झाली आहेत. चेहरा मात्र एकीचाही पाहिलेला नाही.