मेंदूची पूजा

२९ ऑक्टोबर २००१, सोमवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. लालबागच्या आमच्या चाळीखाली उभ्या असलेल्या गाडीच्या डाव्या सीटसमोर मी गुडघे टेकून बसले होते. हातात मल्टिमीटर होता. सेन्सरच्या तारेवर जिथे पाच व्होल्ट असायला हवे होते, तिथे ४.१ दिसत होते.

गाडी बाबांची होती. संपात गिरणी गेली तेव्हा ते चाळिशीचे होते. साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवण्याखेरीज काही येत नसलेल्या त्या माणसाने त्या वयात गाडी शिकून घेतली आणि पुढे एकोणीस वर्षे भाड्याने लोकांना पोहोचवले. आधीच्या दोन गाड्या साध्या होत्या. ही तिसरी, जुनीच घेतलेली, पण हिच्या इंजिनात किती पेट्रोल जायचे आणि ठिणगी कधी पडायची हे एक लहानसा संगणक ठरवी. सीटसमोरच्या कप्प्याखाली त्याची पत्र्याची पेटी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून इंजिन सुरू होई, थरथरे आणि बंद पडे.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पानाची पिचकारी टाकून म्हणाला, "काय ताई, डिग्री लावून बघितली का? चालू होते काय?"

"तुम्ही चार सेन्सर बदलायला सांगितलेत. एकही खराब नाही."

"मग गाडीला नजर लागली असेल."

मी एमएस्सीला होते, विषय इलेक्ट्रॉनिक्स. अंदाजाने सुटे भाग बदलत राहणे मला अडाणीपणाचे वाटे. बॅटरी १२.६, म्हणजे ठीक. अर्थची जोडणी ठीक. सगळे सेन्सर एकेक करून सोडवले, तरी ४.१ हलेना. याचा अर्थ दोष सेन्सरांत नव्हता, पेटीच्या आत होता. मी चार स्क्रू काढून झाकण उचलले.

आत पिवळे होते. हळद, तिच्यावर कुंकू, एका चिपला चिकटलेली झेंडूची पाकळी, आणि सर्किटच्या पट्टीवरच्या बारीक तांब्याच्या रेघांवर हिरवट बुरा.

बाबा मागेच उभे होते. "गावला काय गो?"

"बाबा, ही पेटी तुम्ही उघडलीत?"

"खंडेनवमीक. धुवन, पुसान पूजा केली. तूच सांगितलंस मां, हो इंजिनाचो मेंदू म्हणान? मग बॉनेटाक हळद लावन मेंदू तसोच ठेवतलंय?"

सांगितले मीच होते. सोपे करून सांगायचे म्हणून मेंदू हा शब्द मी वापरला होता आणि तो आपल्याला किती छान सुचला याचा मला अभिमानही वाटला होता. पूजा झाल्यावर त्यांनी लगेच गाडी सुरू करून चाकाखाली लिंबू चिरडले होते. ओल्या पट्टीतून वीज वाहिली की तांबे विरघळते, हे मी अकरावी-बारावीतच शिकले होते.

गिरणीत दर खंडेनवमीला ते साच्याची झाकणे काढून आतपर्यंत धूत, पुसत, तेल देत, मग हळदकुंकू वाहत. बावीस वर्षे साचा एकदाही अडला नाही. संपाच्या वर्षी फाटकाला कुलूप होते. पूजा राहिली, आणि साचा पुन्हा सुरू झाला नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, हे मी त्यांना अनेकदा समजावले होते.

मी स्पिरिट आणि मऊ ब्रशने पट्टी स्वच्छ केली. ४.८. इंजिन अकरा मिनिटे चालले. बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले आणि ते हसले. मी हसले नाही, कारण चिपांच्या खाली ब्रश पोहोचत नव्हता आणि तिथली झीज थांबलेली नव्हती. नवी पेटी आमच्या आवाक्यात नव्हती. जुनी कुठेच मिळेना.

त्यानंतर रोज सकाळी मी वेळ आणि आकडा वहीत लिही आणि ते विचारत, "आज किती?" बुधवारी ४.४. शनिवारी ३.६, आणि इंजिनाने दादच दिली नाही.

"पावसाचा पाणी गेला असात?" त्यांनी विचारले.

खरे कारण कळलेच पाहिजे, अशी तेव्हा माझी समजूत होती. मी म्हणाले, "नाही बाबा. पूजेचं."

त्यांनी पेटीवर झाकण ठेवले. "तेव्हा पूजा करूक गावली नाय, साचो गेलो. आता केली, गाडी गेली. मग माणसान करूचा तरी काय?"

त्यांनी किल्ली माझ्या वहीवर ठेवली आणि कठड्याला धरून जिना चढू लागले.

सोमवारी मी एकटीच खाली उतरले. वर गॅलरीत ते बनियनवर उभे होते, पण तोंड दुसरीकडे होते. आकडा त्यांनी विचारला नाही. मी सवयीने वेळ लिहिली, सहा चाळीस, आणि तिच्यापुढे: २.७.