हातभर सावली

उन्हाळा लागला की तो म्हातारा शिंपी उस्मानाबादेतल्या आमच्या घरी यायचा. ओसरीपुढं आमचं कापडी सायबान होतं. दोरी ओढली की ते बांबूवर गुंडाळलं जायचं, सोडली की रस्त्याकडं उतरायचं. ते शिवून बसवलं त्यानंच. निजामाच्या अमलात तो तंबू शिवायचा म्हणत.

तो आला की माणसांकडं बघायचा नाही. दोरी ओढून कप्पीची कुरकुर ऐकायचा, तिला तेल घालायचा आणि कापडालाच विचारायचा, "क्या मियाँ, ठीक है ना?" मग उसवलेलं टाचत बसायचा.

सायबानामुळं भर दुपारी ओसरीवर झोप लागायची. पण त्याची सावली पायरी ओलांडून हातभर रस्त्यावर पडायची. तेर गावची मोटार धरायला निघालेल्या बायका तिथं टेकायच्या आणि मोठमोठ्यानं बोलायच्या. एकदा वैतागून मी त्याला म्हणालो, "तेवढं हातभर कापड कमी करा."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

"पायरीपतुर आलं तर त्याला पडदा म्हनत्यात, साहेब. सायबान न्हाय."

कात्री काढून त्यानं माझ्या हातात दिली. "कापायचं तर तुमी कापा."

मी कात्री परत केली. त्यानं काम उरकलं. मी म्हणालो, "बसा ओसरीवर, पाणी देतो."

पाण्याचा तांब्या घेऊन तो पायऱ्या उतरला. रस्त्यावरच्या बायकांनी सरकून त्याला जागा केली, आणि त्या हातभर सावलीत तो माझ्याकडं पाठ करून बसला.