खोकडांसाठी मी कचरा झालो

सासुरवाडीच्या माळावर मला शेळ्यांनी खाल्लं, तेव्हा मी लष्करी छापाच्या कपड्यांत होतो.

सगळा नाही खाल्ला. डावी बाही आणि टोपीचा पुढचा भाग, एवढंच. पण गावात बातमी फिरली ती 'सरांना शेळ्यांनी खाल्लं' अशीच, आणि ती दुरुस्त करायची तसदी कुणी घेतली नाही.

सर म्हणजे मी. लातूरला एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्या गल्लीत घरं कमी आणि क्लास, मेस, होस्टेलच जास्त. वर्षभर डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांपुढे उभं राहायचं, परीक्षा आटोपली की आठ-दहा दिवस मोकळं. त्या आठ-दहा दिवसांत मी वन्यजीव छायाचित्रकार असतो. (हा शब्द मीच वापरतो. माझी बायको सविता 'ह्यांचं ते' म्हणते.)

त्या वर्षी सुट्टी लागायच्या आधीच सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामा म्हणतो. लोह्याजवळ त्यांची शेती आहे.

"जावईबापू, आपल्या बांधापल्याड माळावर खोकडानं पिल्लं घातलीत. चार हायेत. रोज सांजच्याला बिळाबाहेर खेळून राहिलेत."

खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ म्हणा. मांजरापेक्षा जरासा मोठा, मोठे कान, शेपटीचं टोक काळं, आणि माणसाची चाहूल लागली की क्षणात गुडूप. पिल्लांसकट खोकडाचा फोटो आपल्याकडे असावा, हे माझं सहा वर्षांपासूनचं ध्येय होतं. मी त्याच दिवशी हिरव्या-काळ्या ठिपक्यांची पँट, शर्ट आणि टोपी विकत घेतली. आरशासमोर उभा राहिलो आणि सविताला विचारलं, "दिसतो का मी?"

"दिसता ना," ती म्हणाली. "फार दिसता."

तिचं म्हणणं मला माळावर गेल्यावर पटलं. मे महिन्यातला आमच्याकडचा माळ तुम्ही पाहिला असेल. गवत पिवळं, माती तपकिरी, दगड काळे. दूरदूरपर्यंत हिरवी अशी एकच वस्तू होती, ती मी. त्यात इंटरनेटवर पाहिल्याप्रमाणे मी अंगावर कडुलिंबाचे ताजे डहाळे खोचले होते. अर्ध्या तासात गावातल्या कौसाबाईच्या चरायला आलेल्या अकरा शेळ्या माझ्याभोवती जमल्या. त्यांना उन्हाळाभर असं जेवण मिळालं नव्हतं.

मी हललो नाही. हललो असतो तर खोकडं बुजली असती. शेवटी एका शेळीने टोपी ओढली आणि खालून डोकं निघालेलं कौसाबाईने पाहिलं.

"अगं बाई, सर हाव व्हय तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं लिंबाचं रोप उगवलंय."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं. मामांनी जेवताना दोनदा माझ्या बाहीकडे बघितलं. सविता म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता सरळ बसा."

पण चूक पद्धतीत नव्हती, रंगात होती. फिजिक्सचा माणूस प्रयोग फसला म्हणून सिद्धांत सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोह्याच्या बाजारात गफूरचाचांच्या दुकानात गेलो. गफूरचाचा शिंपी, मामांचे चाळीस वर्षांचे दोस्त. सविताच्या लग्नातले सगळे ब्लाउज त्यांनीच शिवले होते. मी त्यांच्यापुढे सहा रिकामी पोती ठेवली.

"बैलाची झूल शिवायची का?"

"नाही चाचा. माझा कोट. डोक्यापासून पायापर्यंत. वर सुतळी लावा, त्यात मला कडबा आणि तुराट्या खोवता आल्या पाहिजेत."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, टेप काढली, माप घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दुहेरी शिलाई मारतो. पुन्ना शेळ्या आल्या तर तुम्ही जाल, कोट ऱ्हाईल."

कोट उत्तम झाला. त्याच दुपारी साडेचारला मी बांधाच्या कडेला, बिळापासून वीस पावलांवर, पोटावर पडून राहिलो. वर कडबा, तुरीच्या काड्या म्हणजे तुराट्या, वाळकं गवत. फक्त कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. आत भट्टी होती. घाम नाकावरून कॅमेऱ्यावर आणि मुंग्या पायावरून वर. दीड तास गेला. एक साळुंकी येऊन माझ्या पाठीवर बसली आणि बराच वेळ बसली. मला धन्य वाटलं.

सहाच्या सुमाराला मागून चपलांचा आवाज आला. मामा आणि गफूरचाचा बोलत बोलत आले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बांधावर टेकले.

"जावई कुठं गेले?" चाचांनी विचारलं.

"लातूरला," मामा म्हणाले. "अर्जंट काम निघालं. लई मागणी हाय त्यांना."

मामा माझ्यासाठी खोटं बोलत होते. मामांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

चाचा म्हणाले, "सच बोलू का? माझ्या नातीला, नसरीनला, त्यांच्या क्लासला घालावं म्हणून राहिलो. पोरगी हुशार हाय, डॉक्टर व्हायचं म्हणते. पण काल ते शेळ्यांचं ऐकलं. आज माझ्याकडून पोत्याचा कोट शिवून नेला. नातीला अशा माणसाच्या हवाली करायचं म्हणजे..."

त्याच वेळी बिळाच्या तोंडाशी एक काळं नाक दिसलं.

आता मी काय करावं? उठून 'चाचा, मी शुद्धीवर आहे' असं सांगावं तर कडब्याच्या ढिगातून ते पटण्यासारखं नव्हतं. शिवाय नाकामागून एक कान येत होता. मी श्वास रोखला.

"गफूर," मामा म्हणाले, "ते फिजिक्स का काय, ते मला कळत न्हाई. पण माणूस एका गोष्टीमागं लागला की सोडत न्हाई. सविता आजारी होती तवा दवाखान्यात नऊ दिवस खुर्चीवर बसून काढले त्यांनी. आता ह्यो कोल्ह्या-कुत्र्यांचा नाद हाय, ते खरं. सोन्यासारखा माणूस, थोडा हुकलाय."

माझे डोळे भरून आले. त्यामुळे कॅमेऱ्यातलं पिल्लू मला दोन दिसायला लागलं.

"बरं," मामा उठले. "आलोच हाव तर ह्यो कचऱ्याचा ढीग पेटवून देऊ. पेरणीआधी बांध साफ झाला पाहिजे."

काडेपेटी खुळखुळली.

सांगायला लाज वाटते, पण मी तरीही दोन क्षण थांबलो. दुसरं पिल्लू बाहेर येत होतं. मग गंधकाचा वास आला आणि एकाच वेळी मी बटण दाबलं आणि उठून उभा राहिलो.

किल्लारीच्या भूकंपानंतर मामा आजतागायत छताखाली झोपलेले नाहीत. जमीन आपल्यापुढे उभी राहतेय हे पाहिल्यावर त्यांनी "भूकंप, गफूर, भूकंप" असा आवाज दिला, चाचांना धरून मागे ओढू पाहिलं आणि स्वतः बांधावरून खालच्या पाण्याच्या चारीत गेले.

चाचा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, ढिगाची बाही दोन बोटांत धरून पाहिली आणि खाली वाकून म्हणाले, "अरे, भूकंप न्हाई. माझी शिलाई हाय."

मामांचा पाय मुरगळला होता. मी त्यांना पाठीवर घेऊन आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या खोलीपर्यंत आणलं. गोणपाटाचा कोट काढायचं सुचलंच नाही. दारात सविता उभी होती. कडब्याचा ढीग वडिलांना घेऊन चालत येतोय, हे तिने शांतपणे पाहिलं.

"कोण पडलं?" तिने विचारलं.

"मामा," ढीग म्हणाला.

पुढचा अर्धा तास ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मी मामांच्या पायाला हात लावून माफी मागितली. भूकंप म्हणून ओरडताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता, तो डोळ्यांपुढून जात नव्हता. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पण सगळं ऐकलं व्हय तुम्ही?"

"हो."

"मग हुकलाय म्हटलं ते विसरा."

चाचा निघताना म्हणाले, "नसरीनला तुमच्याकडंच घालतो. काडी लागायची वेळ आली तरी जो माणूस उठत न्हाई, तो पोरीला शिकवल्याबिगर सोडायचा न्हाई."

फोटो पाहिला. त्यात पिल्लं नव्हती. आकाश होतं, आणि त्यात मामांची एक चप्पल.

डॉक्टरांनी मामांना पंधरा दिवस झोपून राहायला सांगितलं. ते आखाड्यापुढे लिंबाखाली बाज टाकून पडले. माझी चार दिवस सुट्टी शिल्लक होती. सविता म्हणाली, "आता तरी पुरे करा." मी रोज चारला कोट चढवून बांधावर जात राहिलो, बिळाकडे कॅमेरा लावून तीन-तीन तास पडून राहिलो. बिळातून कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी हात हलवत परतलो.

आज आमच्या बैठकीत खोकडाच्या चार पिल्लांचा मोठा फोटो लावलेला आहे. एक भाकरीचा तुकडा ओढतंय, दोन बाजेच्या पायाला अंग घासताहेत, चौथं सरळ कॅमेऱ्यात बघतंय. तो मामांनी काढलाय, बाजेवर पडल्या पडल्या, सविताच्या मोबाइलवर. त्या चारही दिवशी पिल्लं बिळाच्या मागच्या तोंडातून निघून सांजेला मामांकडे भाकरी खायला येत होती. मामा मला हाका मारणार होते, पण ओरडलं तर पिल्लं बुजतील, असं मीच त्यांना बजावून ठेवलं होतं.

पाहुणे फोटोची फार स्तुती करतात. कुणी बारकाईने पाहणारा असला तर पिल्लांच्या मागे, लांब बांधावर दिसणारा एक पिवळट ढीग दाखवून विचारतो, "हे काय आहे हो?"

"शेतातला कचरा," मी सांगतो. तोंड पलीकडे करून पडलोय, त्यामुळे अजून कुणी ओळखलेलं नाही.