पिंजऱ्यातला लांडगा
भिजलेल्या कुत्र्याचा वास आला की मला पोलादपूरच्या पुढची ती छोटी प्राणीबाग आठवते. मुलं लहान होती. यांना एमआयडीसीतल्या कंपनीत सुट्टी मिळत नसे, पण मुलांना खरा लांडगा दाखवीन असा शब्द दिला होता, म्हणून दिवाळीत एक दिवस काढून हे आम्हाला एसटीने घेऊन गेले. "लांडगा" अशी पाटी होती. आतलं जनावर राखाडी, उभ्या कानांचं. पिंजरा नुकताच धुतलेला होता आणि त्याच्या ओल्या अंगाचा वास मला ओळखीचा वाटला. राखणदार दुसरीकडे बघतच ओरडला, "लांब राहा, फाडील!" तेवढ्यात मला जनावराच्या गळ्याभोवतीचे केस झिजलेले दिसले, पट्टा बांधल्यासारखे. मी हळूच म्हटलं, "अहो, हा कुत्रा तर नाय?" "तू कधी बघितलास गो लांडगा?" हे हसले आणि मुलाला उचलून म्हणाले, "बघ रे, या दातांनी मेंढरू उचलतो!" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी गप्प बसले. ते मुलाला घेऊन सशांकडे गेले, तसं मी हलक्या आवाजात "यू, यू" केलं. जनावराने शेपटी हलवली. मुलगी माझ्या मागेच उभी होती. माझा पदर ओढून ती म्हणाली, "आये, बाबांना नको सांगू हां." परतताना एसटीत हे लांडग्याचं सांगत होते आणि ती डोळे मोठे करून "मग, बाबा?" विचारत होती. आता ती माहेरी आली की आपल्या मुलांना आजोबांपुढे बसवते आणि म्हणते, "बाबा, तो लांडगा सांगा ना."