चूलबंद आवतन

मोबाइलवरच्या आमच्या खेळात कोणीही नवीन माणूस शिरला, की पडद्याच्या कोपऱ्यात आबांची ओळ उमटायची : "या भो, जेवन झायं का?" समोरचा भलतंच इंग्रजी नाव लावून, तलवार उपसून धावत येणारा असला तरी आबा आधी जेवणाचं विचारणार आणि मग पुढचं. बरेच जण गोंधळून "हो काका" लिहायचे आणि तलवार आवरायचे. "भुक्या माणूससंगे काय भांडानं?" असं आबांचं म्हणणं होतं. तेही लिहूनच, कारण आबांना आवाज नव्हता.

आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे दोंडाईच्याचे, डाळमिलच्या नोकरीसाठी जळगावात आले आणि इथलेच झाले. आमच्याकडे लग्नाकार्याचं जेवण असलं की नुसती पत्रिका देऊन भागत नाही. जेवणाच्या दिवशी कोणीतरी गल्लीगल्लीतून दारोदार हाक देत फिरावं लागतं. त्याला आवतन म्हणतात. कधी ते घरामागे एका माणसाचं असतं आणि कधी चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरात आज चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. भाऊबंदांत कार्य निघालं की आवतनासाठी आबांना खास जळगावहून बोलावून घेत. त्यांची हाक पार स्टेशनापर्यंत ऐकू जायची, असं अक्का सांगतात. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो आवाज गेलेला होता. तंबाखूने घसा खाल्ला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला भोक राहिलं. त्यावर आबा बाराही महिने उपरणं गुंडाळत, अगदी जळगावच्या मे महिन्यातसुद्धा. दवाखान्यातून विजेरीएवढं एक यंत्र मिळालं होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की शब्द बाहेर पडत, पण चालू गिरणीत उभं राहून कोणी बोलावं तसे. एका लग्नात त्यांनी ते लावून एका लहान मुलीला तिचं नाव विचारलं. मुलगी किंचाळून आईच्या पदराआड पळाली आणि मांडवातली माणसं वळून बघायला लागली. घरी आल्यावर आबांनी यंत्र लाडवाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

त्यानंतर ते लिहूनच बोलत. आमच्याशी ते जमायचं. अक्कांना मात्र वाचता येत नाही. त्यांच्यासाठी खुणा होत्या : पेल्यावर टिचकी म्हणजे चहा, पोटावर हात म्हणजे वाढ, पंख्याकडे बोट म्हणजे बंद कर. संसार चालायला पुरतील एवढ्या त्या होत्या. त्याहून जास्त काही सांगायची सोय नव्हती आणि यंत्र काढायची आबांना लाज वाटे.

लाज मलाही होती, पण वेगळ्या गोष्टीची. धुळ्याला हॉस्टेलवर असताना आम्ही मैत्रिणी मोबाइलवर एक खेळ खेळायचो. ठोकळे रचून घरं बांधायची, खाणी खणायच्या, राक्षस मारायचे. लग्नानंतरही तो सुटला नव्हता. आमचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायची जागा, मीच चालवत होते. पाइपच्या कंपनीत हिशेबनीस असलेली, दोन घरांची अब्रू सांभाळणारी सून रविवारी दुपारी दार लोटून खेळ खेळते, हे कळलं तर काय, या धास्तीने मी आवाज बंद करून बसायची. एकदा आबा चार्जर न्यायला आले आणि मी शाळकरी पोरीसारखा मोबाइल उशीखाली सारला. ते गेले, परत आले आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहून माझ्यासमोर धरलं : "माले बी दाखाड."

आबा शिकले ते फार झपाट्याने नाही, पण चिकाटीने. ठोकळ्यांचं घर बांधताना छपराआधी त्यांनी ओटा बांधला. खरा जीव मात्र चॅटमध्ये. तिथे सगळेच लिहून बोलत होते, त्यामुळे आबा तिथे इतरांसारखेच होते. खरं तर इतरांपेक्षा वरचढ. इतकी वर्षं तुंबलेलं बोलणं होतं ते. पुढच्या खोलीत ते आणि मधल्या खोलीत मी, अशा आमच्या गप्पा चालत. घरात मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायला कचरत असे. खेळात त्यांच्या छपरावर उभी राहून त्यांना म्हणायची, "आबा, भिंत वाकडी गेलीय." ते उलट लिहीत, "तुना नवराना नाकपेक्षा सरळ शे." माझे यजमान ठिबकच्या कामासाठी आठवडा आठवडा गावोगाव फिरतात, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. अक्का दोघांना दोन खोल्यांत चहा आणून द्यायच्या. आम्ही मोबाइल पालथा घालायचो, चहा घ्यायचो आणि त्या वळल्या की पुन्हा उलटा करायचो.

या खेळात ओळीच्या सुरुवातीला तिरकी रेघ मारली की पुढचं बोलणं राहत नाही, हुकूम होतो. पाऊस थांबतो, रात्रीचा दिवस होतो. असे हुकूम सोडायचा अधिकार मी वडीलधारे म्हणून आबांनाही दिला होता. त्यांना ती तऱ्हा उद्धट वाटायची. पाऊस थांबवण्याआधी ते साध्या चॅटमध्ये विचारत, "आते पानी थांबाडस, कोनी हरकत शे का?" आणि दोघातिघांचं उत्तर आल्यावरच रेघ मारत. एक हुकूम मात्र त्यांच्या मनात भरला. कोणाचंही नाव घातलं की तो खेळाडू असेल तिथून उचलून तुमच्यापुढे आणणारा. नावाच्या जागी सगळ्यांची खूण टाकली तर सगळेच येतात, हे मी सांगितलं तेव्हा क्षणात ओळ आली : "म्हंजे चूलबंद!"

मग त्यांनी घरामागे मांडव घातला. पानांच्या लांबच लांब रांगा, मधून वाढप्यांना जायला वाट. खांबालगतच्या पहिल्या पानापुढे लाल ठोकळ्याचा पाट ठेवला होता आणि तिथे कोणाला बसू देत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "ती तुनी सासूनी जागा शे. जिंदगीभर बठ्ठासना मागे जेवनी. आठे पह्यली बठी." सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या अक्का इथे पहिल्या बसणार होत्या.

मांडव पुरा झाला त्या रविवारी बाकीची मंडळी जमिनीखाली खोल उतरली होती. माझी जामनेरची मैत्रीण रुबिना म्होरकी. मागचा अख्खा रविवार खपून त्यांनी राक्षसाला टेकीला आणलं होतं. लढाईपुरते सगळ्यांचे माईक चालू, आरडाओरडा चाललेला. आबा कानाला हेडफोन लावून ऐकत होते, पण लढाईत त्यांचं लक्ष नव्हतं. पानं वाढून झाली होती. आणि पावसासाठी परवानगी मागणारा हा माणूस आवतनासाठी ती मागणार नव्हता. आवतन विचारून देत नाहीत, ते द्यायचंच असतं. त्यांनी रेघ मारली आणि हुकूम सोडला.

सगळे तलवारी परजत थेट पंगतीत येऊन पडले. राक्षस खाली तसाच राहिला आणि त्यांनी जमवलेलं सगळं त्याच्यापाशी. मग जो गलका झाला! "कोणी केलं हे? माईक चालू कर आणि बोल!" आबा भराभरा लिहीत होते, "मनं चुकनं, पानं वाढेल व्हतात," पण त्या ओरड्यात वाचतंय कोण? मी दाराशी आले तर आबा कपाटाशी उभे. त्यांनी डबा उतरवला, उपरणं सैल केलं, माईक चालू केला आणि यंत्र गळ्याला लावलं.

"चुकी झायी. माफ करा. जेवाले बलावं व्हतं."

धुळ्याचा हर्षल नावाचा पोरगा खो खो हसला. "आबा, काय भारी आवाज लावलाय! कोणतं अॅप आहे?" त्याच्यामागून सगळेच हसले. माझ्याने राहवलं नाही. मी माईक चालू करून ओरडले, "अॅप नाहीये ते. माझे सासरे आहेत. त्यांचा घसा काढलाय, कळतं का?"

हसणं थांबलं. मला वाटलं, मी त्यांची बाजू घेतली. आबांकडे पाहिलं तर त्यांनी मान खाली घातली होती आणि उपरणं पुन्हा घट्ट करत होते. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या, दोन्ही हात कणकेने भरलेले. थोडा वेळ आबांकडे बघत राहिल्या आणि परत आत गेल्या.

त्यानंतर खेळात सगळे आबांशी फार जपून वागायला लागले. "आबा, काळजी घ्या." "आबा, तुम्ही बसा, आम्ही खणतो." हर्षलने तर रोज माफी मागायचा सपाटा लावला. आबांनी मला एकच ओळ लिहिली : "आते बठ्ठा मनासंगे नही बोलतस, मना घसासंगे बोलतस." आणि येणं बंद केलं. ज्या एका जागी ते धडधाकट होते ती मी एका वाक्यात घालवली होती. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, आणि चांगल्या मनाने बोलले होते हे आठवलं की जास्तच.

त्यांना परत आणलं रुबिनाने. तिने मला आबांना दाखवायला सांगून लिहिलं, "आबा, ऑपरेशन वगैरे ठीक आहे, पण माझे इतवार पाण्यात गेले ना! मी नाही माफ करणार. कुदळ घ्या आणि खाली या. आणि परत मध्येच जेवायला बोलवलं तर बघा!" आबांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं की ते हसतायत. "ही पोर खरी," त्यांनी लिहिलं आणि गुपचूप कुदळ घेऊन खाणीत उतरले. पुढे वर्षभर तिची बोलणी खात खणत होते.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. आजार फार लांबला नाही.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर अक्कांनी कपाटातून लाडवाचा डबा काढला आणि मांडीवर घेऊन बसल्या. झाकण उघडलं नाही. म्हणाल्या, "त्या रोजले त्यासनं हाई मशीन काढं, मी कणीक मळी ऱ्हायंती. माले वाटनं, माले हाक मारी ऱ्हायनात."

"त्या खेळमा बोलेत का ते?"

"हो अक्का. खूप बोलायचे."

"काय बोलेत?"

काय सांगू? चॅट वर सरकत जातं आणि पुसलं जातं, हाती काहीच उरत नाही. आठवेल तसं सांगत गेले. येणाऱ्या प्रत्येकाला जेवणाचं विचारायचे. यांच्या नाकावरून थट्टा करायचे. मांडव घातला, पानं मांडली आणि खांबाजवळचं पहिलं पान तुमच्यासाठी राखून ठेवलं, तिथे कोणाला बसू दिलं नाही. सगळ्यांना चूलबंद आवतन दिलं. माझ्या मते हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. बोलताबोलता मला माझंच ऐकू यायला लागलं. इतके रविवार या घरात तो माणूस बोलत होता, माझ्याशी, जामनेरशी, धुळ्याशी. आणि आम्हा दोघांनाही एकदासुद्धा सुचलं नव्हतं, की चहा घेऊन आलेल्या बाईला जवळ बसवावं आणि निदान मी तरी त्यांच्या ओळी तिला वाचून दाखवाव्यात.

अक्कांनी डब्यावरून हात फिरवला.

"बठ्ठासले चूलबंद दिन्हं म्हनतीस," त्या म्हणाल्या, "मंग मनी चूल कशी चालूच ऱ्हायनी?"