ओरखडा पडलेली तबकडी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो. तर अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, पेटीतल्या लग्नगाण्यांच्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर घेऊन स्वच्छ करणं माझ्याशिवाय कुणाला जमणार होतं? पेनड्राइव्ह तयार झाला आणि वाजवायच्या मशीनसकट सगळ्या तबकड्या हैदराबादच्या एका शौकिनाला द्यायचं मी परस्पर कबूलही केलं.

अप्पांनी उभा जन्म भालकी तालुक्यात लग्नांना स्पीकर लावला.

"कामून द्यायलास रे?"

"अप्पा, तुमची अख्खी पेटी ह्या नखाएवढ्यात मावली."

"अक्काच्या पोरीच्या हळदीला वाजवून दाव. तितं भागलं तर दे."

हळद खटकचिंचोळीत, अक्काच्या दारात. व्याह्यांना पाटावर बसवलं आणि मी त्यांच्या स्वागताचं जुनं गाणं लावलं. आवाज असा लख्ख, की जणू गाणारीण मांडवातच उभी आहे. बाया हळदीच्या वाट्या पदराआड धरून टपलेल्या. गाणं संपलं. बाया टपलेल्याच. व्याही कोरडे ठणठणीत, चहा संपवून उठायच्या बेतात.

"मुडद्या, बसा-बसा कुटं गेलं?" अक्का माझ्यावर ओरडली.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मूळ तबकडीवर 'बसा' या शब्दावर ओरखडा आहे. सुई तिथं अडकते, 'बसा, बसा, बसा' होतं, आणि तिसऱ्या 'बसा'ला व्याह्यांच्या तोंडाला हळद फासायची, ही आमच्याकडची रीत. लहानपणापासून बघत आलोय, पण ती एका ओरखड्यावर चालते हे माझ्या पदवीधर डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. कॉम्प्युटरनं दोष दाखवला, मी हौसेनं पुसला.

"शिकून आलाय," मावशी म्हणाली, "ओरखडा बी शिल्लक ठिवला न्हाई!"

अप्पा उठले आणि टेम्पोतून मशीन घेऊन आले. म्हणजे म्हाताऱ्यानं ते आधीच सोबत आणलं होतं! सुई टेकली. खरखर. बसा, बसा... तिसऱ्याला बाया तुटून पडल्या. व्याही पाट सोडून पळाले, तेव्हा राहिलेल्या वाट्या माझ्या इस्त्रीच्या शर्टावर रिकाम्या झाल्या.

अप्पांनी अंगठ्यानं सुई अलगद पुढं सरकवली.

"त्या हैदराबादवाल्याला काय सांगनार?"

"दुसरीकडं बगा म्हनतो," मी म्हणालो.

"छ्या, सबूद दिलास की! पेनड्राइव्ह देऊन टाक त्याला. लई साफ हाय म्हनावं."